तुरेवाल्यांनी जपलेली चाल

लालबागच्या दुकानात मी ढोलकीची पुडी बदलून घ्यायला गेले होते. नवी पुडी कशी बोलते ते बघायला थाप मारली आणि सवयीने अप्पांची गवळण गुणगुणले. शेजारी आपली ढोलकी मांडीवर घेऊन बसलेला मुलगा हसला.

"दुसऱ्या ओळीला वर जायचं नसतं," तो म्हणाला.

"तुला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. पण कानाला त्रास होतोय."

मी तडकणार होते, तोच त्याने ती ओळ हळूच म्हणून दाखवली... आणि माझ्या अंगावर काटा आला. ती अप्पांचीच चाल होती.

अप्पा म्हणजे माझे वडील, डिलाईल रोडचे शक्तीवाले शाहीर. आमच्या कोकणच्या जाखडी नाचाच्या सामन्यात शक्तीवाले गाण्यातून सवाल टाकतात, तुरेवाले गाण्यातूनच उत्तर देतात. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये अप्पांचा आवाज गेला. वहीत शब्द आहेत, पण चाल कोण लिहून ठेवतं? रेकॉर्डिंग त्यांनी कधी करू दिलं नाही. साथीदार कोणी गावी गेले, कोणी देवाघरी. रविवारी परळला सामना होता आणि अप्पांच्या जागी पहिल्यांदाच मी उभी राहणार होते. घरी मी सराव करायचे तेव्हा ते खाली मान घालून ऐकायचे. चूक त्यांना कळायची, सांगता यायची नाही. मला ते बघवायचं नाही.

"तुला कुठून येते ही?"

"आधी चहा. मग इतिहास."

चहावर कळलं, याचं नाव विनीत. आणि आजोबा कोण, तर कुशाबा. तुरेवाले. तीस वर्षं सामन्यात अप्पांच्या समोर उभे राहिलेले, आणि या रविवारीही समोर तेच. आमच्या घरी जेवताना ते नाव कोणी काढत नाही.

"म्हणजे चोरलीत आमची गाणी."

"पाठ केली. उत्तर द्यायचं तर सवाल पाठ नको? आजोबा तुझ्या अप्पांना शिव्या घालतात आणि त्यांचीच गवळण म्हणत दाढी करतात. एक सूर इकडचा तिकडे झाला तर मला ओरडतात."

मग आठवडाभर, ऑफिस सुटलं की बागेतला बाक आणि आम्ही दोघं. तो गुडघ्यावर ठेका धरायचा.

"वहीत बघ ना. माझ्याकडे काय बघतेस?"

"शब्द वहीत आहेत. चाल तुझ्या तोंडात आहे..."

त्याचे कान लाल झाले. मला मनापासून आवडले.

"समोरच्या पार्टीला शिकवतोयस. आजोबा घराबाहेर काढतील."

"काढू देत. तू चुकीचं गायलीस तर जिंकण्यात मजा काय?"

रविवारी मी घुंगरू बांधून उभी राहिले. समोर कुशाबा, त्यांच्यामागे विनीत. गवळण सुरू केली, दुसरी ओळ आली – आणि पहिल्या रांगेत अप्पांनी मान वर केली. खुर्चीच्या दांड्यावर त्यांचा हात ठेका धरू लागला. डोळे वाहत होते, पण ठेका चुकला नाही. मला वाटलं, याहून जास्त मला आयुष्यात काही नको.

मग सवाल-जवाब झाले. विनीतने जराही दयामाया दाखवली नाही. आम्ही हरलो, तेही सणसणीत.

सामना संपल्यावर कुशाबा उठून थेट अप्पांपाशी आले. "शाहीर, तुमची गवळण आमच्याकडे सुखरूप होती," एवढंच म्हणाले. अप्पांनी त्यांचे दोन्ही हात धरले, सोडलेच नाहीत.

मी विंगेत घुंगरू सोडत होते. विनीत येऊन उभा राहिला.

"आता तुमची उत्तरं शिकव. कोणीतरी ती पण सांभाळायला हवीत."

"आमची गाणी बाहेरच्यांना शिकवत नाहीत. आजोबांचा नियम आहे."

"मग?"

"मग..." तो माझ्याकडे बघायचं सोडून घुंगरांकडेच बघत राहिला. "बाहेरची राहू नकोस ना."

त्या दिवशी सगळे सवाल मी टाकले होते, हा एकच मला आला. मी सोडलेले घुंगरू त्याच्या हातात दिले.

"अप्पांना तू सांगायचंस," मी म्हणाले. "माझं हो आहे."