रंगूमावशीचा अंगठा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण यातलं एक अक्षर खोटं नाही. खोटं बोलायचं ते मी आधीच बोलून बसलेय, आणि तेच सांगतेय.

मी रेणू. वाशीम जिल्ह्यातलं केनवड माझं गाव, घरचा भाजीचा मळा. घडलं ते मागच्या डिसेंबरात... आणि रात्री-बित्री नाही. भरदुपारी बारा वाजता, रेशनच्या दुकानात.

पण आधी फोटोचं सांगते.

मी फोटो विकते. ऑनलाइन साइट असतात, तिथे फोटो टाकायचे. जगात कोणीही ते विकत घेतं आणि आपल्याला थोडेफार पैसे मिळतात. वांगी, गवार, तुरीचं शेत असले फोटो लगेच पास होतात. माणसाचा चेहरा दिसला की मात्र त्या माणसाच्या सही-अंगठ्याचा संमतीचा कागद जोडावा लागतो. नाहीतर फोटो परत.

शेजारच्या मळ्यात रंगूमावशी सांबार उपटायची. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे असंच म्हणतात. जुडी बांधली की माती झाडायला ती तळहातावर दोनदा आपटायची.

टप... टप...

त्या सकाळी जुडी आपटून ती माझ्याकडे बघून हसली आणि मी बटण दाबलं. असा फोटो माझ्या हातून पुन्हा निघाला नाही.

"मले देजो व एक, काचेत बसवून," ती म्हणाली. "आधारवरचा माहा फोटो पाह्यला का? चोट्टी दिसतो मी त्यात! मेल्यावर तोच लावतीन भिंतीले."

"देतो ना मावशी."

दिला नाही. आज देऊ, उद्या देऊ. निव्वळ आळस, दुसरं काही नाही.

त्याच दिवशी फोटो साइटवर टाकायला बसले आणि कागद आठवला. मावशीचं घर वीस पावलांवर. पण गेले असते तर तिने विचारलं असतं, कायले पायजे अंगठा? मग विकायचं सांगावं लागलं असतं. मग तिचा वाटा आला...

मी निळ्या शाईचं पॅड काढलं. तिच्या नावापुढे माझ्याच उजव्या हाताचा अंगठा उमटवला. साक्षीदार म्हणून सहीसुद्धा मीच ठोकली.

दोन दिवसांत फोटो पास. आणि काय खपला म्हणता! इतर सगळे फोटो एकीकडे आणि मावशी एकीकडे.

चार-पाच महिन्यांनी ती आमच्या दारात आली. हातात सांबाराच्या बियाण्याचं पाकीट. तिच्या पोराने, पुंजाजीने, शिरपूरहून आणलेलं.

पाकिटावर ती होती. हसणारी. जुडीसकट.

"रेणू, हे मीच हाय ना व?"

तिचा चेहरा असा खुलला होता ना... एकच शब्द बोलायचा होता. हो. पण मला तो अंगठा आठवला आणि माझी तंतरली.

"नाही व मावशी. तुह्यासारखी कोणी तरी हाय."

तिने पाकीट पुन्हा डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"असन बाप्पा," म्हणाली आणि पाकीट पदराखाली घेऊन परत फिरली.

दिवाळीच्या आधी मावशी वारली. तेरवीला भिंतीवर आधारवरचाच फोटो होता, मोठा केलेला. नाक कुठे, डोळे कुठे, काही समजत नव्हतं. तरी मी गप्प बसले. लाज वाटायला पाहिजे, आणि वाटते.

मग तो डिसेंबर. बाबांना ताप होता म्हणून रेशन आणायला मी गेले. दुकानदार भाऊसिंगकाकांनी आमच्या कार्डाचा नंबर टाकला. मी मशीनवर अंगठा ठेवला.

टप... टप...

आवाज अगदी पाठीमागे आला.

वळून पाहिलं. माझ्यामागे कोणीच नव्हतं. फक्त ताज्या सांबाराचा वास...

"काहून व?" काका मशीनकडे बघत म्हणाले. "हे तं रंगूबाईचं नाव दाखवून राह्यलं."

"तुमी तिचं कार्ड लावलं असन काका."

"तिचं नाव तं मांगच्याच महिन्यात कापलं म्या. पुसून ठेव अंगठा."

ओढणीला घासून पुन्हा ठेवला.

तेच नाव.

मी अंगठा वळवून पाहिला... कडेला निळी शाई होती. ओली. तो कागद करून वर्ष होत आलं होतं.

शेजारचं बोट ठेवलं, तर मुकाट माझं नाव आलं.

घरी येऊन आधी साइटवरून फोटो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी रिसोडला जाऊन तोच फोटो मोठा छापून घेतला, काचेत बसवला आणि तडक पुंजाजीभाऊच्या घरी गेले. हात जोडून सगळं सांगितलं. कागद, अंगठा, पाकीट. फक्त त्या दिवशी मावशीला काय उत्तर दिलं, तेवढं सांगायला जीभ रेटली नाही.

पुंजाजीभाऊ चिडले नाहीत. फ्रेम घेऊन दारातल्या उजेडात गेले. कितीतरी वेळ बघत राहिले. मग बायकोला हाक मारली. ज्योत्स्नावहिनीनेही पाहिलं.

"मायचा फोटो म्हणतं ना तू?" भाऊंनी विचारलं.

"हो भाऊ."

"ही माय नाही व रेणू..."

त्यांनी फ्रेम माझ्या हातात परत दिली.

"तिच्यासारखी कोणी तरी हाय."

मावशीला ऐकवलेलं ते वाक्य मी आजवर दुसऱ्या कोणापाशी काढलं नव्हतं.

मला तर त्यात मावशीच दिसते. तीच जुडी, तेच हसू. पण बाबांना दाखवला, भाऊसिंगकाकांना दाखवला, सगळे तेच म्हणतात. अगदी त्याच शब्दांत. मावशीच्या भिंतीवर अजून तो आधारचाच फोटो आहे आणि फ्रेम माझ्याकडे पडून आहे.

रोज सकाळी मळ्यात जायच्या आधी मी तिच्यापुढे उभी राहते आणि म्हणते, "हो मावशी. तूच हाय ते."

तेवढ्यात मागच्या दारात दोनदा आवाज होतो.

मी वळून बघत नाही.