विरजणाच्या टाकीतले गवंडी

सकाळी सातला कारखान्यात पाऊल टाकलं की अनसूया धोत्रे आधी गवंड्यांना नाष्टा द्यायची. नाष्टा म्हणजे साखर कारखान्यातली मळी आणि थोडा युरिया. पाचशे लिटरच्या टाकीत तो ओतायचा, लाकडी दांड्यानं ढवळायचा आणि वर झाकण लावायचं. टाकीतून मुतारीसारखा वास यायचा. नवा माणूस नाक दाबून पळायचा, पण अनसूया म्हणायची, "मेल्यांनो, खा पोटभर. काम लई पडलंय."

आता गवंडी म्हणजे कोण, ते सांगायला हवं. ते होते जिवाणू, डोळ्यांना न दिसणारे. त्यांचं शास्त्रीय नाव इतकं लांबलचक होतं, की पहिल्याच आठवड्यात कामगारांनी त्यांना गवंडी करून टाकलं. पाडलेल्या घरांचं काँक्रीट भरडून खडी केली, तरी तिला जुन्या सिमेंटचा भुसभुशीत थर चिकटलेला असतो. अशी खडी पाणी पिते आणि वजन पडलं की चुरते. हे जिवाणू त्या थराच्या भोकाभोकांत शिरून आत चुनखडी तयार करायचे. आठवडाभरात भुसभुशीत खडी डोंगरच्या दगडाला मागं टाकायची. अनसूयेच्या टाकीत त्यांचं मूळ विरजण असायचं. त्यातलं थोडं मोठ्या हौदात घातलं, की हौदभर गवंडी तयार.

कारखाना उभा राहिला तो बोरजाई गावासाठी. कृष्णेच्या पुरानं पाच वर्षांत तीनदा बुडवल्यावर गाव उठवून टेकावर वसवलं होतं. जुनी घरं पाडली आणि त्याच मलब्याचा, टेकापासून हमरस्त्यापर्यंत, तीन किलोमीटरचा उंच रस्ता बांधला. पूर आला की चहूकडे पाणी आणि बाहेर पडायला तेवढा एकच रस्ता. त्याच्या खडीत मधूनच कुणाच्या स्वयंपाकघराचा निळा गिलावा दिसायचा. पाडव्याला उद्घाटन ठरलं होतं.

अनसूयेच्या सात पिढ्यांनी दगड फोडला. नवऱ्याच्या छातीत क्रशरची धूळ बसली आणि तो त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. दगड न फोडता, धूळ न खाता पोट भरणारी घरातली पहिली बाई हीच. म्हणून त्या घाणेरड्या टाकीवर तिचा असा जीव, की ती सहसा रजाच घ्यायची नाही.

फाल्गुनात प्रयोगशाळेच्या डॉ. रेहाना मुल्ला यांनी रस्त्यातून नमुने काढले आणि यंत्रात दाबून पाहिले. सगळे उत्तम निघाले. फक्त मधल्या दोनशे चाळीस मीटरमधले नमुने शेंगदाण्याच्या पेंडीसारखे फुटले.

तीन दिवस रेहानानं डोकं फोडून घेतलं. पाणी तपासलं, तापमानाच्या नोंदी तपासल्या. काही सापडेना. चौथ्या दिवशी प्रकल्पप्रमुख घोरपडे साहेबांनी तिला कचेरीत बोलावलं. अनसूया टेबलाशी उभी राहून हौदाच्या नोंदवहीची पानं उलटून दाखवत होती.

"मॅडम, कारण सापडत नसेल, तर एकच कारण लिहावं लागेल," घोरपडे म्हणाले. "मलब्याच्या खडीचा भरवसा नाही. वरून विचारणा आलीय. पुढचे बारा रस्ते डोंगरच्या खडीनं करा म्हणतात. बंद खाणी पुन्हा सुरू होतील."

"पण सर, त्या पट्ट्याची खडी हौदात होती, ते तीन दिवस हे गवंडी कामावरच आले नव्हते, असं दिसतंय!" रेहाना वहीवर बोट आपटत म्हणाली. "खडीत चुनखडीचा कणसुद्धा नाही. त्याआधी ठीक, चौथ्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे नवं विरजण आणलं, त्यानंतरही ठीक. मग या तीन दिवसांत झालं काय? तारखा बघा. दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून..."

अनसूयेच्या हातातलं पान तिथंच थांबलं.

दसऱ्याचा आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. क्रशर, लोडर, घण, फावडी, सगळ्यांना धुऊनपुसून हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. तेव्हा अनसूयाच म्हणाली होती, "लोखंडाला हळद लावताय, आणि वर्षभर राबणाऱ्या जिवांना काही नको व्हय? त्यांचा पण सण हाय." सगळ्यांना ते पटलं. बेचाळीस माणसांनी एकेक मूठ भंडारा त्या टाकीत उधळला. येळकोट येळकोट झालं. मळीच्या काळपट रंगात ती पिवळी हळद दिसेनाशी झाली आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

जखम चिघळू नये म्हणून हळद दाबायची, जंतू मरतात, हे काय तिला ठाऊक नव्हतं? लेकराच्या गुडघ्यापासून नवऱ्याच्या ठेचेपर्यंत जन्मभर तिनं तेच केलं. पण टाकीतल्या तिच्या गवंड्यांना तिनं कधी जंतू मानलंच नव्हतं.

गप्प बसली असती, तर कुणाला कळलं नसतं. पण मग दोष मलब्यावर गेला असता, डोंगराला पुन्हा सुरुंग लागले असते आणि कुणाच्या तरी घरधन्यानं पुन्हा धूळ खाल्ली असती.

"साहेब, मलब्याला नावं ठेवू नका," ती म्हणाली. "माझ्या हातनं झालंय." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

घोरपडे ताडकन उठले. "अहो बाई, अक्कल गहाण टाकली होती का? टाकीत हळद? उद्यापासून त्या टाकीला हात लावायचा नाही!"

रेहाना मात्र तडक प्रयोगशाळेत गेली. तिनं दोन काचपात्रांत खडी आणि विरजण घेतलं आणि एकात हळद घातली. आठवड्यानं दोन्ही पालथी केली. एकातून दगडाचा अखंड गोळा निघाला. दुसऱ्यातून पिवळी खडी भसकन टेबलावर सांडली.

"मलबा निर्दोष आहे!" रेहाना हसतच कचेरीत शिरली. तिचे डोळे भरून आले होते. "आणि सर, रस्ता उकरायचीही गरज नाही. त्या दोनशे चाळीस मीटरला बारीक भोकं पाडू आणि जिवंत विरजण आत सोडू. गवंडी जागच्या जागी काम करतील. जगात असं कुणी अजून केलेलं नाही."

"वा! म्हणजे पाडव्याचं उद्घाटन होतंय," घोरपडे खूश झाले. "पण काम होईल ना नक्की?"

"बहुतेक होईल. खोलवर हवा कितपत पोचेल, ते बघावं लागेल."

अनसूया दारात उभी होती, टाकीच्या खोलीची किल्ली परत द्यायला आलेली. तिला विचारायचा काही अधिकार उरला नव्हता आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"रेहाना मॅडम, रागावू नका. मी पण लई प्रेमानंच केलतं, बरं का, आणि असं झालं. एकच सांगा. पूर आलाय, दोन्ही बाजूंनी पाणी लागलंय आणि गाडीत तुमची आई हाय. त्या भोकं पाडलेल्या रस्त्यावरनं न्याल का तिला?"

रेहाना खुर्चीत टेकली.

"नाही," ती म्हणाली. "नाही नेणार. उकरा, सर. भोकांचा प्रयोग आपण कारखान्याच्या आवारात करू."

अनसूयेनं किल्ली टेबलावर ठेवली. घोरपड्यांनी सुस्कारा सोडला आणि फोन उचलला. उद्घाटन पुढं ढकलल्याचं बोरजाईला कळवायचं होतं, जेसीबी मागवायचा होता. नंबर लावता लावता ते थांबले. टेबलावरच्या किल्लीकडे त्यांनी पाहिलं, मग दाराकडे. अनसूया तोवर पायऱ्या उतरून गेली होती.

"दोनशे चाळीस मीटरची खडी नव्यानं करायची, आणि पूर यायला चार महिने," रेहाना म्हणाली. "सर, विरजण कुणाच्या हाती देणार? कधीच न चुकलेल्या माणसाच्या, की चुकल्यावर येऊन सांगणाऱ्या माणसाच्या?"