दुसऱ्याचा चिमटा

"तिघी आत गेल्या, दोघीच बाहेर आल्या. माझी ताई आली नाही हो! लवकर या!"

फोन एवढाच होता. फौजदारबाईंची जीप खाणीशी पोहोचली तेव्हा दीड वाजला होता.

चुनखडीची बंद पडलेली खाण. तळाशी गार, हिरवं पाणी. पाण्याखाली भिंतीला एक भोक, आणि भोकातून आत पाण्याने गच्च भरलेलं भुयार. असल्या ठिकाणी माणसं हौसेने जातात हे काही फौजदारबाईंच्या पचनी पडेना. त्यांना पोहता येत नव्हतं. बादलीतल्या पाण्यालाही त्या बिचकतात, असं ठाण्यात त्यांच्या मागे बोलत, आणि ते फार खोटं नव्हतं.

लोखंडी जिन्याच्या शेवटी एक टेबल होतं. त्यावर नोंदीचा कागद, पुठ्ठ्याला हिरव्या चिमट्याने अडकवलेला. कपडे वाळत घालायचा साधा चिमटा. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पलीकडे सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर धडधडत होता.

"आधी ते धूड बंद करा! स्वतःचा आवाज ऐकू येत नाहीये."

फोन करणारी धाकटी बहीण धावत गेली आणि यंत्र बंद करून आली.

"वेळा सांगा."

"दहा पाचला तिघी उतरल्या. दहा वीसला दातवाली बाहेर, कान ठणकला म्हणून. अकरा पाचला मास्तरीणबाई. ताई साडेअकराला यायची."

"हवा किती वेळ पुरते?"

"साडेबारापर्यंत. ओढूनताणून पाऊण वाजेपर्यंत."

फौजदारबाईंनी घड्याळात बघितलं. दीड वाजून गेला होता.

"बचाव पथक?"

"पाच वाजतील म्हणाले."

"तुम्ही उतरत नाही?"

"चार वर्षं झाली सोडून. एकदा आत अडकले होते, तेव्हापासून नुसतं तोंड पाण्यात घातलं तरी जीव घाबरा होतो. मी आपली वर बसून सिलिंडर भरते, कागद लिहिते."

दातवाली, म्हणजे दातांची डॉक्टर, दगडावर बसली होती. कानात कापूस, कमरेच्या पट्ट्याला पिवळा चिमटा.

"तुम्ही कुठपर्यंत गेलात?"

"पहिल्या दालनापर्यंतच. फाटा लागायच्या आधीच कानाने दगा दिला. या दोघी पुढे गेल्या."

"दोघींचं आपसात बरं होतं?"

दातवालीने खाली बघितलं. "उद्या चौकशी होती. गेल्या वर्षी मास्तरीणबाईंची एक विद्यार्थिनी आत गेली, ती गेलीच. 'माझं न ऐकता पोरगी एकटीच डावीकडे घुसली,' असं मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या. ताईला ते पटलं नव्हतं. उद्या तिची साक्ष होती."

"आणि तरी दोघी एकत्र उतरल्या?"

"मास्तरीणबाईच म्हणाल्या, चल, तुझ्या मनातलं एकदाचं काढून टाकू."

मास्तरीण पाण्याच्या कडेला पाठीवर नवे सिलिंडर चढवत होती. वीस वर्षांत शेकडो बायकांना तिने पाण्यात उतरवलं होतं. हात भराभर चालत होते.

"कुठे निघालात?"

"कुठे म्हणजे? आत! पाच वाजेपर्यंत हातावर हात धरून बसू का? माझ्याशिवाय आहे कोण उतरणारं?"

"दोन मिनिटं. ताई शेवटच्या कुठे दिसल्या?"

"फाट्यावर. ती उजवीकडे गेली, मी मुख्य दोरीने सरळ. परत आले तर तिचा चिमटा उजव्या दोरीवर होता. म्हणजे अजून आतच होती."

"हे चिमट्यांचं काय प्रकरण आहे?"

"आत गाळ उठला की डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही, बाई. दोरी हाताने चाचपतच यायचं. फाट्यावर जी दोरी धरली तिला आपला चिमटा लावायचा आणि परत येताना काढून आणायचा. चिमटा असेपर्यंत माणूस आत. माझा लाल, ताईचा निळा."

"तिचा तुम्ही काढला नाहीत?"

"दुसऱ्याच्या चिमट्याला हात? छे! मेले तरी लावणार नाही. पहिल्या दिवशी मी पोरींना हेच शिकवते."

"उजवीकडे काय आहे?"

"चाळीस मीटरचा खड्डा." मास्तरिणीने धाकटीकडे बघून आवाज उतरवला. "आता आशा नाही. निदान शोधून तरी बघते."

"डावीकडे घुमट आहे!" धाकटी मध्येच कळवळून म्हणाली. "न्हाणीघराएवढा. वर हवा आहे, डोकं बाहेर काढता येतं. ती तिकडे असती तर..."

"तिकडे गेलीच नाही गं ती. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

फौजदारबाई टेबलाशी येरझाऱ्या घालू लागल्या. विचार करायचा तर त्यांच्या हाताला काहीतरी चाळा लागे. ठाण्यात त्या पेनांची टोपणं मोडत. इथे बिस्किटांचा डबा सापडला. त्यांनी तो उचलून हलवला.

खडखड.

"यात काय असतं?"

"बाहेर आलं की चिमटा यात टाकायचा," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "सकाळी मी तो रिकामा करते."

"म्हणजे आत्ता यात किती हवेत?"

"एक. मास्तरीणबाईंचा. दातवालीने लावलाच नव्हता, तो पट्ट्यालाच आहे."

फौजदारबाईंनी झाकण उघडून डबा टेबलावर पालथा केला. लाल चिमटा पडला. त्यामागून निळा.

धाकटीने निळा उचलला. त्याच्या पायाला काळ्या दोऱ्याची गाठ होती. "ताईचाच! अंधारात हाताला कळावा म्हणून मीच बांधलेली गाठ ही. पण हा इथे कसा?"

"तेच विचारतेय मी," फौजदारबाई म्हणाल्या. "मास्तरीणबाई, सिलिंडर उतरवा."

"वेळ घालवताय तुम्ही! तिकडे ती..."

"उतरवा म्हटलं ना!" त्यांचा आवाज खाणीत घुमला. जीपमधून बरोबर आलेली हवालदारीण मास्तरिणीच्या वाटेत उभी राहिली.

फौजदारबाई धाकटीकडे वळल्या. "ताई डावीकडे गेल्यात. घुमटात असतील. हवा पाचपर्यंत टिकेल?"

"कोण सांगणार? लहान आहे तो."

"कुणीतरी जायला हवं. दातवाल्या बाईंचा कान गेलाय. यांना मी पाण्याजवळही फिरकू देणार नाही."

धाकटी पाण्याकडे बघत राहिली. तिचा श्वास आत्ताच फुलला होता. मग तिने टेबलावरचा पुठ्ठा ओढला आणि नोंदीच्या कागदाचा हिरवा चिमटा काढला. कागद वाऱ्यावर उडाला.

"हा माझा," ती म्हणाली. "डावीकडची दोरी मी आणि ताईनेच घातलीय."

"ती दोरी तुटलेली असेल," फौजदारबाई हळूच म्हणाल्या. "तोडलेली."

"मग नवी घालत जाईन."

दातवालीने तिला सामान चढवलं, ताईसाठी एक जादा सिलिंडर हाती दिला. दोन वाजायला दहा मिनिटं असताना हिरव्या पाण्याने धाकटीला गिळलं.

"डब्यात कुणीही टाकला असेल," मास्तरीण म्हणाली. "धाकटीनेसुद्धा."

"चिमटा फाट्यावर होता. फाट्यापर्यंत गेल्या फक्त दोघी. एक अजून आत आहे. उरलं कोण? तुमच्याच तोंडचं घ्या, तो आत्ता उजव्या दोरीवर हवा. मग डब्यात पाय फुटून आला का?"

मास्तरिणीने डब्याकडे बघितलं.

"ताई खरंच उजवीकडे गेल्या असत्या, तर त्यांच्या चिमट्याला हात लावायचं कुणाला काही कारणच नव्हतं. त्या डावीकडे गेल्या. तुम्ही मागून दोरी तोडलीत, गाळ उठवलात. चिमटा डावीकडून काढून उजवीकडे लावायचा होता, म्हणजे सगळे खड्ड्यात शोधत बसतील. काढलातही. पण हाताला ठाऊक काय? काढलेला चिमटा पट्ट्याला अडकवायचा आणि बाहेर आलं की डब्यात टाकायचा. त्या गाळात, घाईत, हाताने तेच केलं. वीस वर्षांची सवय तुमची! तुम्हाला अजूनही वाटत होतं की तो उजवीकडे लागलाय."

"आणि आता आत कशाला निघाल्या होत्या?" हवालदारिणीने विचारलं.

"'शोधलं, नाही सापडली' म्हणायला. तोवर घुमटातली हवा संपली असती."

मास्तरीण दगडावर बसली. म्हणाली, "त्या पोरीला डावीकडे मीच नेलं होतं. दोरी न धरता. खुणेसाठी मी बांधलेली, माझ्या गाठीची लाल फीत आत घुमटापाशी राहिली होती. ताईला ती आज सापडली असती. वीस वर्षांत एक चूक हो माझी. एक!"

"आज दुसरी करत होतात," फौजदारबाई म्हणाल्या. त्यांना तिचा संताप आला होता आणि दया येत नव्हती.

सव्वादोन. अडीच. दातवालीने नखं कुरतडून संपवली. फौजदारबाई घोटाभर पाण्यात उभ्या होत्या आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

पावणेतीनला बुडबुडे आले. एक रांग. मग शेजारी दुसरी.

दोन डोकी वर आली. ताईचे ओठ निळे पडले होते, बोलणं अडखळत होतं, पण पायऱ्या तिने धाकटीच्या खांद्यावर हात टाकून स्वतःच चढल्या. मुठीत लाल फितीचा तुकडा होता. मास्तरिणीने तो पाहिला आणि तोंड फिरवलं.

धाकटीने हिरवा चिमटा डब्यात टाकला आणि रडायला लागली.

ताई पट्टा चाचपत राहिली. "माझा चिमटा जागेवर नव्हता गं. तो टाकल्याशिवाय मी बाहेर आले असं होत नाही."

निळा चिमटा पुराव्याच्या पाकिटात होता, मोहोर लावलेला. फौजदारबाईंनी हवालदारिणीकडे बघितलं, पाकीट फाडलं आणि डबा ताईपुढे धरला.

"टाका. पंचनामा मी पुन्हा करीन."

टक्.