बिनपावलांचा गुलाम

खोटे बोलण्याची आमच्या घराण्यात रीत नाही. हे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडले. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी, तिच्या दोन खोल्यांच्या घरात. ज्याला पटेल त्याने पुढे वाचावे.

धाकटीचे काम जगावेगळे. पडद्यावरची माणसे चालतात, त्यांची पावले ती स्टुडिओत वाजवते. वाळूची पेटी, दगडी फरशी, लाकडी फळी... चित्राकडे पाहत ती त्यांवर चालते. एरवी डावा पाय जरा घासते. पण कामाला उभी राहिली, की राजापासून भिकाऱ्यापर्यंत कुणाचीही चाल हुबेहूब.

यजमान गेल्यापासून ती एकटी. "ताई, घरात आवाज असतो तो माझ्याच पायांचा," म्हणायची. "तेवढीच सोबत."

त्या वर्षी मालिका होती प्राचीन रोमची. रिंगणात जिवावर उदार होऊन लढणारे योद्धे आणि साखळदंडांतले गुलाम. शेवटच्या प्रसंगात गुलाम सुटतात, दरवाजातून बाहेर पडतात. धाकटीने एकेकाला पावले दिली.

सर्वांत मागे एक राहिला. अंधूकसा.

"मावशी, सोडा त्याला," ध्वनिमुद्रक म्हणाला. "त्याच्याकडे कोण ढुंकून बघतंय? आणखी उशीर झाला तर बायको मला दार उघडायची नाही."

"जो दिसेल त्याला पाय द्यायचे, हा माझा नेम आहे रे."

"अहो, गुलाम तो! त्यातून शेवटचा!"

ती हसली. आणि त्या दिवशी नेम मोडून, त्याला तसाच सोडून घरी आली.

दिवेलागणीला ती स्वयंपाकघरात होती. बाहेरचे दार करकरले...

कडी तर तिने स्वतः लावली होती.

मग खुर्ची सरकली. पाण्यावरचे झाकण हलले. कुणीतरी या खोलीतून त्या खोलीत जात होते...

पण पाऊल वाजत नव्हते.

एकही नाही.

पाऊल न वाजवता चालणारा एकच माणूस तिला ठाऊक होता.

सकाळ होताच तिने स्टुडिओ गाठला. "तो शेवटचा लाव."

ध्वनिमुद्रकाने गुलामांच्या चालीसाठी वाजवायची साखळी पुढे केली. तिच्याने ती हातात धरवेना.

"राहू दे. सुटलाय ना तो?"

अनवाणी ती वाळूत उतरली. उसनी चाल घेतली नाही. आपल्याच चालीने, डावा पाय घासत, तिने त्याला दरवाजापार नेऊन सोडले.

मग वाळूतून बाहेर येऊन तिने फरशीवर पाय टेकला...

आवाज आला नाही.

टाचेच्या चपला झाल्या, लाकडी तळव्यांचे जोडे झाले. व्यर्थ. काम सुटले. ती माझ्याकडे येते, तेव्हा खांद्यावर हात पडेपर्यंत मला चाहूल लागत नाही.

काल ती माझ्यासमोर चहा घेत बसली होती.

आणि जिन्यावर पावले वाजली. अनवाणी. डावा पाय घासत...

दाराशी येऊन थांबली.

धाकटीने कप खाली ठेवला. "उघड ना, ताई," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडे तर आता तेवढीही सोबत उरली नाही."

या घरात माझा शब्द खाली पडत नाही. काल मात्र धाकटीचा शब्द मीच खाली पडू दिला.

दार मी अजून उघडलेले नाही.