हेडलीमामाची उरलेली अर्धी धून

पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या घरात घडलंय आणि शेवटचा भाग मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. गुरुवार. कॉर्नवॉलमधलं डेलाबोल, पाटीच्या दगडाच्या खाणीलगतचं घर.

आणि वेळ रात्रीची नव्हे... दुपारचे चार.

हेडलीमामाला जाऊन तीन आठवडे झाले होते. माझी मामेबहीण मोर्वेना, त्याची मुलगी, रडली नव्हती. चहा करायची, तो गार व्हायचा, ओतून द्यायची. बस.

मामाचा जन्म खाणीत गेला. खिळ्यांचे बूट घालून तो स्वयंपाकघरातल्या काळ्या फरशीवर नाचायचा. आमच्याकडे सगळ्यांना जुन्या धुना जमवायचं खूळ लागलेलं. फिडल वाजवणारा पास्को दोनदा येऊन मामाच्या नाचाची अर्धी धून उचलून गेला. उरलेली अर्धी फक्त मामाच्या पायांत होती.

"आधी माझी पोरगी शिकेल," मामा म्हणायचा. "मग आण तुझं ते रेकॉर्डिंगचं यंत्र."

पोरगी म्हणायची, पुढच्या आठवड्यात, बाबा.

तो आठवडा आलाच नाही.

त्या दुपारी ती बशा पुसत होती. मागून आवाज आला...

ठक. ठक-ठक.

वळून पाहिलं. फरशीवर कुणी नव्हतं.

ठक. ठक-ठक. डावा पाय किंचित उशिरा. खाणीत मोडलेला गुडघा, आणखी कुणाचा असणार? आणि बूट तर त्याच्याबरोबरच पुरले होते.

"घाबरायलाही अंगात काहीतरी उरावं लागतं गं," ती मला नंतर म्हणाली. तिने बशी ठेवली, फरशीवर उभी राहिली आणि पाय उचलला. चुकली की आवाज थांबायचा...

आणि पहिल्यापासून सुरू. मामाची शिकवायची पद्धत तीच होती.

मग दर गुरुवारी, चार वाजता. फेब्रुवारीपर्यंत सगळं तिच्या पायांत बसलं, तरी आवाज येतच राहिला.

पबमध्ये पास्को अजून विचारतो, म्हाताऱ्याने काहीच नाही का ठेवलं? ती नकाराची मान हलवते. मग सगळे अर्धीच धून वाजवतात आणि बिअरकडे वळतात.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी तिच्या स्वयंपाकघरात मी चिडलेच. म्हटलं, बाई, मामाचा जीव त्या धुनेत अडकलाय. एकदाची नीट नाच आणि त्याला मोकळं कर.

ती फरशीकडे बघत म्हणाली,

"बरोबर आलं तर तो परत कशाला येईल?"

चार वाजले. आवाज आला... मीही ऐकला. मोर्वेना त्याच्या ठेक्याला ठेका देत नाचली, कुठे केसभर चूक नाही. अगदी शेवटच्या ठेक्याला तिने मुद्दाम पाय चुकवला.

शांतता.

किटलीसुद्धा गप्प.

मग... ठक. ठक-ठक. पहिल्यापासून.

"हल्ली थांबतो जरा जास्त," ती म्हणाली. "आधी लगेच सुरू करायचा."

मुद्दाम केलेली चूक मामाला नेहमी कळायची. हे तिला माहीत आहे, मलाही. गुरुवारी चार वाजत आले की माझं कशातच लक्ष लागत नाही. आज तो आलाच नाही, असं सांगायला तिचा फोन येईल, असं वाटत राहतं.