उजेडात तिरपी धरलेली डिस्क

"हिच्यात माझी मुलगी होती, बाई," म्हातारीने पिशवीतली डिस्क टेबलावर ठेवली. "आता सगळे म्हणतात, डिस्क कोरी आहे."

घारी म्हणजे खासगी तपास करणारी बाई. डोळ्यांवरून पडलेलं नाव. शेजारी तिचा दीर बसला होता. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात उजेड पडायला वेळ लागायचा.

"मुलगी? डिस्कमध्ये?" त्याने विचारलं.

"तिचा आवाज हो. आजारपणात ती कॉम्प्युटरवर माझ्यासाठी बोलून ठेवायची. मग गेलीच. जावई म्हणाला, कॉम्प्युटर साफ करायचाय, हवं ते डिस्कवर घेऊन जा."

"कॉपी कोणी केलं?" घारी.

"मीच. जन्मात पहिल्यांदा माउस धरला. जावई शेजारी बसून सांगत होता. डिस्कवर मी मार्करने पोरीचं लाडकं नाव लिहिलं. फाइली पडद्यावर डिस्कच्या चौकटीत ओढल्या, सगळ्यांची नावं दिसली. 'झालं,' म्हणाला. डिस्क काढून उजेडात तिरपी धरली आणि हसून मला दिली. किती दिवसांनी हसला होता! थंडगार डिस्क मी गालाला लावली. मग पोरीच्या नणंदेने पाकिटात घातली."

"पुढे?"

"शेजाऱ्यांकडे लावली, तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी धावत गेले. मूळ फाइली त्याने पुसल्या होत्या. म्हणाला, चौकटीत कालचा कचरा अडकलाय, तो काढा, मग बघू. मी काढला. पण मग कॉपी करायला होतंच काय?"

घारीची पेन्सिल थांबली.

डिस्क विकणारा दुकानदार भडकला. "माझा माल खराब? थांबा!" त्याने त्याच गठ्ठ्यातली डिस्क कॉम्प्युटरवर लिहून दाखवली. बाहेर आली ती गरम होती आणि पाठीवर लिहिलेल्या भागाचा गडद पट्टा उमटला होता. म्हातारीच्या डिस्कच्या पाठीवर मात्र असा पट्टा कुठेच नव्हता.

मुलीची नणंदही फणकारली. "मी कशाला बदलू? वहिनी बोलायची ती फक्त तिच्या आईसाठी. दादा दाराबाहेर उभा राहून ऐकायचा. आत गेला की ती गप्प व्हायची."

जावयाचा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ होता. बोलता बोलता त्याने एका गिऱ्हाइकाची डिस्क काढली, उजेडात तिरपी धरली आणि बाजूला फेकली. "अर्धवट लिहिलीय. पुन्हा लिहावी लागणार."

"वहिनी, माणूस कामाचा पक्का आहे," बाहेर पडताना दीर म्हणाला.

"फारच पक्का," घारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना त्याच स्टुडिओत जमवलं.

"अक्षर आजींचंच, म्हणजे डिस्क बदललेली नाही. गठ्ठा चांगला, म्हणजे डिस्क खराब नाही. ती थंड होती, पाठीवर पट्टा नाही, म्हणजे तिच्यावर काही लिहिलंच गेलं नाही. चौकटीत फाइली ओढल्या की त्या नुसत्या रांगेत थांबतात. 'लिहा' म्हणून सांगावं लागतं. आजींना ते माहीत नव्हतं. यांना होतं. एका नजरेत अर्धवट डिस्क ओळखणारा हा माणूस कोरी डिस्क पाहून हसला, आणि ती आजींच्या हातात ठेवली."

"मी रात्रंदिवस तिची सेवा केली," जावई शांतपणे म्हणाला. "आणि ती आई, आई करत गेली. माझ्यासाठी एक शब्द ठेवला नाही."

"नीच कुठला!" दीर ओरडला. मग त्याचा चेहरा खुलला. "पण वहिनी, त्या फाइली रांगेत थांबल्या होत्या ना? मग अजून तिथेच असतील की!"

म्हातारी ताडकन उठली. "आहेत का हो?"

घारीला दिराचं तोंड दाबावंसं वाटलं. "नाहीत, आजी. चला, घरी जाऊ."

"का नाहीत?"

"सांगा की," जावई म्हणाला. "चौकटीतला कचरा कोणी काढला?"

म्हातारी हळूच खाली बसली. तिने पडद्याकडे पाहिलं.

"विचारलं होतं कॉम्प्युटरने," ती म्हणाली. "नक्की काढायचं का, असं लिहून आलं होतं. मी 'होय' दाबलं."

दीर ढसाढसा रडायला लागला. काउंटरवर गिऱ्हाईक आलं होतं. जावयाने नवी डिस्क आत सरकवली.