जाणारा एक, बसणारा एक

वीज यायला वेळ आहे म्हणता? मग तो दिवा इकडे सरकवा, सांगतो. पण मध्येच हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. मी कॅमेरे दुरुस्त करणारा माणूस. कुठल्या फोटोत काय बिघडलंय ते मला एका नजरेत कळतं. म्हणून तर ही गोष्ट मला अजून पचत नाही.

शिकारी पक्ष्यांचं वेड मला मामानं लावलं. मामा घड्याळजी. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि हिवाळ्यातल्या प्रत्येक रविवारी पहाटे मला उठवायचा. "ऊठ रे, बाईसाहेब वाट बघत नाहीत!"

बाईसाहेब म्हणजे तळ्यावरची गरुडाची मादी. मोठी, करड्या रंगाची, महातोऱ्याची. तिच्यासाठी मामानं काठावर गवत आणि गोणपाटाचं लपण बांधलं होतं. आत एक लाकडी स्टूल, ट्रायपॉड, समोर एक फट. फटीपासून पंधरा पावलांवर वठलेल्या झाडाचा बुंधा, त्यामागे तळ्याचा बांध. बाईसाहेबांनी कधीतरी तिथं बसावं एवढीच आमची इच्छा.

आता गंमत ऐका. लपणात माणूस शिरताना गरुडानं पाहिला, की तो दिवसभर तिकडे फिरकत नाही. त्यावर जुनी युक्ती आहे. दोघांनी आत जायचं आणि जरा वेळानं एकानं बाहेर पडून सरळ बांधापर्यंत चालत जायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. माणूस गेला, लपण रिकामं झालं, असं त्याला वाटतं. संध्याकाळी गेलेला परत येतो आणि बाहेर उभं राहून दोनदा खोकतो. आत बसलेला माणूस स्टूल सरकवतो. म्हणजे, ऐकलं, निघतो. बोलायचं नाही, पळायचं नाही, वळून बघायचं नाही.

अकरा हिवाळे आम्ही हे केलं. आणि अकराही हिवाळे चालत जाणारा मामाच.

"मला बसवत नाही रे. पाठ धरते. तूच बस," म्हणायचा.

जन्मभर बसून घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची म्हणे पाठ धरते! मला कळत होतं हो. पण मी काही बोललो नाही. आत बसायला मिळत होतं ना.

मामानं स्वतः काढलेले फोटो थोडेच, आणि झाडून सगळे डावीकडे कललेले. मामी चिडवायची, "तुमच्या फोटोतलं तळं सांडतंय बघा." मामा म्हणायचा, "बाईसाहेबांचा सरळ काढीन." त्या फोटोसाठी त्यानं पुढच्या खोलीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. मामी त्याला छत्री अडकवायची.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात बाईसाहेब बुंध्याच्या जवळ यायला लागल्या. एका रविवारी लपणात शिरल्यावर मामा अगदी लहान पोरासारखा म्हणाला, "आज मी बसू का रे जरा?"

मी म्हणालो, "पुढच्या खेपेला, मामा. आज उजेड फार छान आहे."

"बरं," म्हणाला. मफलर सारखा केला आणि निघाला बांधाकडे. त्या रात्री त्याला ताप भरला. आठ दिवसांत खेळ आटोपला. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय! तेव्हापासून 'पुढच्या खेपेला' हे शब्द मी कुणालाच म्हणत नाही.

यंदा थंडी पडली आणि मामीनं विचारलं, "तो खिळा काढून टाकू का रे?"

"नको," म्हणालो आणि कॅमेरा उचलला. बाईसाहेबांचा फोटो काढायचा आणि मामाच्या नावानं त्या खिळ्याला लावायचा. दुसरं काहीच करण्यासारखं उरलं नव्हतं.

गेलो एकटाच. मामाच्या जागी दुसऱ्या कुणाला न्यायचं जिवावर आलं. गवतावर दहिवर पडलं होतं, पायाखाली करकरत होतं. लपणात गोणपाटाचा कुबट वास आणि तेच स्टूल. बसलो.

बाईसाहेब पलीकडच्या झाडावर होत्या. मला आत जाताना त्यांनी बघितलं होतं. सकाळ गेली, दुपार गेली, पठ्ठी हलेना. बाहेर पडून चालत जाणारा कुणी नव्हताच ना. तेव्हा मला मामाची खरी किंमत कळली, आणि मी तिथं त्या स्टुलावर बसून ढसाढसा रडलो. मोठ्यानं म्हणालो, "मामा, तू बसायला हवं होतंस."

ऊन उतरलं. तळ्यावरून धुकं सरकायला लागलं. थर्मासमधला चहा संपला. आणि मग... निलगिरीचा वास आला. मामा सर्दीसाठी मफलरला निलगिरीचं तेल लावायचा, तसा.

मी श्वास रोखला.

दोनदा खोकल्याचा आवाज आला. अगदी जवळून.

सवय काय असते बघा. मी स्टूल सरकवलं, उठलो, पडदा बाजूला केला... बाहेर कुणीच नाही. गवतावर माझीच सकाळची पावलं.

तसाच बांधाकडे निघालो. पण पळालो नाही. मामाचा नियम. कॅमेरा आतच राहिला, ते बांध निम्मा गाठल्यावर लक्षात आलं. तेवढ्यात मागे पंखांचा आवाज झाला, जड चादर झटकावी तसा. कुणीतरी मोठं येऊन बसलं. मी वळलो नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात जाऊन कॅमेरा आणला. बघितला मामीच्या समोरच. आदल्या दिवशी मी एकही फोटो काढला नव्हता. आत एक होता.

बाईसाहेब बुंध्यावर. एकेक पीस मोजून घ्या, असा. डोळ्यात मावळतीचा उजेड. आणि मागे, धूसर, बांधाकडे चालत निघालेला एक माणूस, रिकाम्या हातांचा, पाठमोरा. माझाच स्वेटर.

 मामीनं फोटोवर बोट ठेवलं.

"तळं सांडतंय रे," म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. तो खोकला पडद्याबाहेरून आला नव्हता.

फोटो खिळ्याला लावला. छत्री दाराआड गेली. गेल्या रविवारी मी निघालो, तेव्हा मामीनं धुतलेला मफलर हातात दिला. "स्टुलावर ठेव. थंडी आहे."

मी लपणात गेलो. कॅमेरा लावला, मफलर ठेवला आणि निघून आलो. दिवसभर बांधापलीकडे बसलो. मामा अकरा वर्षं बसायचा ती जागा फार गार आहे हो, मला ठाऊकच नव्हतं.

अंधारून आलं तसा परत गेलो. पडद्याबाहेर उभा राहिलो आणि दोनदा खोकलो.

आतून स्टूल सरकलं.